कोरीची खळ

सोमवार

तुम्ही जाताना म्हणालात, पोरगी काय काय करते ते लिहून ठेव, आल्यावर वाचीन. म्हणून बसले आज. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, हसायचं नाही.

तुम्हाला पुलाच्या कामावर धरून नेलं तेव्हापासून ही वही फळीवर तशीच पडून होती. दात आले तेव्हा लिहिणार होते. पण दात आले म्हणजे पुढचंही येणार, आणि ते पुढचं मला लिहायचंच नव्हतं.

आज भिंगरी उभी राहिली. धुलाईघरात, ओल्या चादरींच्या टोपलीला धरून. माझ्याकडे बघून हसली आणि धपकन बुडावर बसली. दुसरी कुठली आई असती तर टाळ्या पिटल्या असत्या. मी धावत जाऊन तिला उचललं आणि आधी फाटकाकडे बघितलं, कुणी शिपाई बघत नाही ना म्हणून.

मूल चालायला लागलं की छावणीच्या शाळेत. परक्यांचा हुकूम जुनाच आहे. ही पोटात असताना आपण दोघं म्हणायचो, तोवर काहीतरी बदलेल. कुठलं काय! मुकादमीणबाईंची मुलगी अशीच नेली होती. ती आता कप्तानाच्या बंगल्यावर मळके कपडे मोजून देते, त्यांच्या भाषेत आकडे म्हणत. आईला ओळखत नाही. बाई गाठोडं उचलतात, "बरं" म्हणतात आणि परत येतात.

उद्यापासून भिंगरीला पाठीला बांधूनच काम करणार.

बुधवार

खळीचा हंडा माझ्याकडे आला. आधीच्या म्हातारीला आता दिसत नाही, तिने हात भाजून घेतला.

आपल्या धुलाईघरात हा हंडा कधी पुरता रिकामा करत नाहीत. तळाशी थोडी खळ ठेवायची आणि तिच्यातच नवी शिजवायची, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सगळ्या छावणीचे सदरे, कोट, कॉलरी याच एका हंड्यातून जातात. परक्यांना कपडे पुठ्ठ्यासारखे लागतात. मऊ कॉलर दिसली की त्यांचा अपमान होतो.

भिंगरी पाठीवर लाथा मारते. मी ढवळता ढवळता सांगत असते, हलू नकोस, हलू नकोस गं बाई, हात खाली, पाय खाली, आहेस तशी राहा. दिवसभर हेच चालू. ऐकते थोडीच! तुमच्यावर गेलीये.

मुकादमीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय पुटपुटतेस गं?"

"काही नाही बाई, पोरीला गप्प करते."

मला वाटलं आता बोलणी खाते. त्या हंड्यात बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "असू दे. पुटपुट."

वन्संचं मात्र विचारू नका. तुमची ताई आहे म्हणून गप्प बसते. कपडे पोचवायला म्हणून गावात जातात त्या उन्हं कलल्यावर उगवतात. हात-पाय न धुता जेवायला बसतात, माझ्या दुप्पट जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून घोरतात. काल म्हटलं, "वन्सं, परकराचा काठ फाटलाय, कुठे अडकला?" तर म्हणे, "तुझ्या नवऱ्याच्या बहिणीचा काठ आहे, तू कशाला काळजी करतेस?" हे काय उत्तर झालं?

शनिवार

आज बाजारात कोरी आली होती. इस्त्रीवालीने स्वतः बघितलं, मी तिच्याच तोंडचं लिहिते.

कोरी म्हणजे ती मुखवट्याची बाई. तुम्ही होतात तेव्हाही होती, पण तेव्हा ती परक्यांची फर्मानं फाडायची आणि पळायची. तोंडाला पांढरंफेक काहीतरी, नाक नाही, ओठ नाहीत, म्हणून कोरी. आज पळाली नाही. शिपाई भाजीवाल्या म्हातारीची पाटी ओढत होते. कोरी चालत मधे येऊन उभी राहिली. शिपायांनी बंदुका उचलायला घेतल्या. कोरीने नुसता हात वर केला, आणि त्यांच्या बाह्या ताठल्या! कोपरात वाकेनात. कॉलरी अशा आवळल्या की मान फिरवता येईना. बंदुका अर्ध्यात राहिल्या, आणि शिपाई बुजगावण्यासारखे. बाजार हसून हसून लोळला म्हणे. म्हातारीने आपली पाटी उचलली आणि जाता जाता एकाच्या ताठ हातावर पडवळ लटकवून गेली.

सगळ्या हसत होत्या. मी हंड्याकडे बघितलं. बाह्या ताठल्या म्हणजे खळ जास्त झाली. खळ कोण करतं? मी.

मंगळवार

झालं, भीत होते तेच. दुभाषा आला आणि बरोबर मिशीवाला कप्तान. दुभाषा आपल्यातलाच, पण परक्यांच्या भाषेत असा बोलतो की जणू तिकडेच जन्मला. त्याचे कपडे तेवढे आपल्याकडे येत नाहीत, त्याची बायको घरी धुते.

"खळ जास्त होतेय. कुणाचं काम हे?"

मी पुढे झाले. मुकादमीणबाई माझ्या आधी बोलल्या, "साहेबच म्हणाले होते, पुठ्ठ्यासारखं पाहिजे. कमी करू का? परेडला कॉलर पडली तर आम्हाला विचारायचं नाही."

दुभाष्याने ते कप्तानाला सांगितलं. कप्तानाने स्वतःच्या कॉलरीला बोट लावून बघितलं, आवडली असावी. हात झटकून गेला फाटकाकडे.

पण दुभाषा गेला नाही. पोरं तपासायचा दिवस होता. अंगणात चटई टाकतो, एकेक पोर बसवतो, आणि लांबून चकाकतं पितळी बटण दाखवतो. ये ये ये. जे चालत येईल ते शाळेत.

मी सकाळीच भिंगरीचे पाय झग्याखाली पट्टीने गुंडाळले होते. सैलच, पण गुंडाळले होते. तिने बटणाकडे बघितलं, हात पसरले, उठायला गेली आणि उठता येईना. रडली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त.

"एवढी थोराड पोर, अजून बसतेच?"

मी म्हणाले, "पाय अधू आहेत तिचे."

माझ्या तोंडाने म्हणाले. धडधाकट लेकराला अधू म्हणाले.

"पुढच्या वेळी डॉक्टर बघतील," म्हणाला आणि बटण खिशात टाकलं.

पट्टी सोडली तर पायावर वळ. तेल लावून बसले होते. तिने माझं नाक ओढलं.

शुक्रवार

आज एक मजा. फळीवर उलट्या वाडग्यावर वन्संनी काहीतरी वाळत घातलं होतं, जुन्या कापडाचे थर, खळीत बुडवून. चांगलं ताठ झालं होतं. मला वाटलं झाकण आहे, म्हणून भिंगरीच्या पेजेवर ठेवलं. वन्सं आल्या आणि अशी झडप घालून उचललं की पेज सांडली.

"अहो, झाकणच ना?"

"हो. झाकणच."

"मग त्याला दोन भोकं कशाला?"

"वाफ जायला," म्हणाल्या.

एवढं मोठं झाकण, आणि वाफ जायला भोकं डोळ्यांएवढी. तुमच्या घरात डोकं कुणालाच नाही. बरं, एक करून भागलं नाही. दर थोड्या दिवसांनी नवीन करतात. विचारलं तर म्हणे घामाने मऊ पडतं. झाकणाला कसला घाम?

रविवार

मला वाटतं वन्संचं बाहेर काहीतरी आहे. कुणीतरी आहे. दंडावर काळंनिळं झालंय आणि स्वतःशीच हसतात. मुकादमीणबाईंशी कोपऱ्यात कुजबुज चालते, मी गेले की "खळ कशी आहे गं आज?" विचारतात. मी म्हणते कालच्यासारखीच. तर दोघी खूश. खळीत खूश होण्यासारखं काय आहे?

कोरीने जकातनाक्याचं कुलूप फोडलं म्हणे, भरदुपारी. पहारेकरी बाह्या पसरून उभेच. मला या सगळ्याची भीती वाटते. तिला पोरंबाळं नसतील म्हणून सुचतं. ज्याच्या पाठीवर पोर आहे त्याने काय करावं?

सोमवार

आज वन्संशी भांडले. मोठं भांडले. शेजारचे दारात आले इतकं.

भिंगरीला जरा बरं नव्हतं म्हणून तिला वन्संकडे ठेवून मी एकटी कामावर गेले होते. लवकर आले. बघते तर काय, वन्सं टोपलीमागे उकिडव्या बसल्यात, हात पसरून, "ये गं माझी राणी, ये," आणि भिंगरी त्यांच्याकडे चालतेय! धरून नाही. सुटी. चार-सहा पावलं टाकली, पडली, पुन्हा उठली. सराईत होती. म्हणजे संध्याकाळी मी पाण्याला गेले की हे रोजचं चाललं होतं.

मला काय झालं सांगता येत नाही. मी तिला ओढूनच घेतलं. म्हणाले, "माझी पोर न्यायला आलेत ते, आणि तुम्ही तिला चालायला शिकवताय? तुम्हाला काय, तुमचं कुठे काय जातंय?"

"पोरीला पाय दिलेत ते काय शोभेला?" वन्सं म्हणाल्या. "किती दिवस बांधशील, वहिनी? लग्नापर्यंत?"

"माझं मी बघीन!"

"तू बघत नाहीस, घाबरतेस. घाबरून तिला लुळी करशील. मग ते न्यायचे नाहीत, खरंय. लुळ्या पोरीचं त्यांना काय करायचंय?"

मी म्हणाले, "तुम्ही आधी तुमचे धंदे सांगा. दिवसभर कुठे उंडारता?"

त्यांचं तोंड पडलं.

आजपासून अबोला. त्यांच्याशीच काय, कुणाशीच नाही बोलणार.

मंगळवार

अबोला. दिवसभर तोंडातून अवाक्षर नाही. हंडा ढवळला, भिंगरीने लाथा मारल्या, मारू दिल्या. मुकादमीणबाईंना वाटलं घसा बसलाय. मी मान हलवली.

वन्संनी परत ते झाकण केलं. माझ्या हंड्यातूनच खळ नेली, विचारलंही नाही. मी काय बोलणार, अबोला.

गुरुवार

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी मुकादमीणबाईंनी मला सुकवणीच्या दोऱ्यांमागे ओढलं. तिथे मळक्या चादरींच्या मोठ्या टोपलीत वन्सं पडल्या होत्या. खांदा रक्ताने भिजलेला. हातात ते झाकण. पेजेच्या झाकणाला नाक नसतं, ओठ नसतात. मला तेव्हा कळलं. इतके दिवस माझ्या फळीवर वाळत होतं आणि मला आत्ता कळलं.

मी तोंडावर हात दाबून उभी. वन्सं म्हणाल्या, "अबोला सुटला नाही वाटतं अजून."

"काय झालं?" मी विचारलं.

"हात वर केला. कुणाच्या बाह्या ताठल्या नाहीत." आणि हसल्या. त्या हसण्याने रक्त जास्तच आलं.

मुकादमीणबाई खांदा बांधत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगळवारी खळीत काय बोललीस?"

"काही नाही. अबोला होता माझा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मग बाईंनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी घाबरून हंड्याला हातही लावला नसता, म्हणून नाही सांगितलं म्हणे. खरंच आहे ते. खळीत जे मनापासून बोललं जातं ते कापडात राहतं. पूर्वीची म्हातारी मुकाट काम करायची, तेव्हा खळ म्हणजे नुसती खळ. मी आले आणि पहिल्याच दिवशी इस्त्री करताना सदऱ्याची बाही वाकेना, तेव्हा बाईंनी ओळखलं. त्याच हंड्यातलं कापड तोंडाला बांधून समोर उभं राहिलं की ती बोलणी जागी होतात. हात खाली, पाय खाली, आहेस तशी राहा.

"मी तर भिंगरीला सांगत होते," मी म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "तुझं एवढं ऐकणारं दुसरं कुणी नाही जगात. सगळी छावणी ऐकते, एक भिंगरी सोडून."

मला हसूही आलं आणि रडूही. माझी भीती होती ती. माझ्या भीतीने त्यांचे हात बांधले होते. आणि मी दोन दिवस फुगून बसले तर वन्संना गोळी लागली.

शुक्रवार

फाटकावर पहारा. खांद्यात गोळी लागलेली बाई घरोघर शोधतायत. वन्संना हलवता येत नाही, चादरींच्या टोपलीतच ठेवलंय, परक्यांच्याच चादरीत.

आज पहाटेपासून हंड्याशी उभी होते. उद्याच्या परेडचे सगळे कपडे आज निघाले. आज मी पुटपुटले नाही, नीट बोलले. पण एक झालं. मला वाटलं होतं आता कळलंय तर जोरात येईल. उलट शब्दच खोटे वाटायला लागले, जणू कुणाला ऐकवायला म्हणतेय. मग भिंगरीने पाठीवर पाय ताणले आणि मला ती पट्टी आठवली, वळ आठवले. तेव्हा आलं बरोबर.

कपडे गेले. लागले की नाही कोण जाणे.

शनिवार

कुठून सुरू करू? भिंगरी चालली. हे आधी लिहिते, तुम्हाला हेच वाचायचं असेल.

परेड झाली आणि कप्तान शिपाई घेऊन सरळ इकडे आला. दुभाषाही. सगळ्या बायकांना भिंतीशी उभं केलं, खांदे तपासायला. तेवढ्यात दुभाष्याला आठवलं, "ती अधू पोर कुठाय? आज बघूनच टाकू." माझ्या पाठीवरून सोडून घेतली आणि अंगणात ठेवली. पट्टी नव्हती. मी गुरुवारीच फेकली होती.

त्याने बटण काढलं. ये ये ये.

भिंगरी उठली. उठून उभी राहिली. सगळ्यांनी बघितलं. दुभाषा म्हणाला, "वा! पाय बरे झाले की."

आणि तिने पाठ फिरवली त्याच्याकडे. बटण नको होतं तिला. ती सुकवणीच्या दोऱ्यांकडे निघाली, टोपलीकडे. तिला चालायला शिकवणारी त्या टोपलीत होती. पोरीला रोज टोपलीमागून हाका यायच्या ना. तिला वाटलं आजही खेळच आहे.

शिपाई तिच्या मागे बघायला लागले. कप्तानाने टोपलीकडे बोट केलं.

मी ओरडले. काही ठरवलं नव्हतं, मुखवटा नव्हता, काही नव्हतं. दिवसभर जे म्हणते तेच तोंडातून आलं. "हलू नकोस!"

खाड. असा आवाज झाला, सुकलेलं कापड झटकल्यावर येतो तसा. अंगणातला प्रत्येक कोट ताठला. शिपाई एक पाय उचललेला तसाच. कप्तानाचं बोट टोपलीकडे, मिशी थरथरतेय, बाकी काही हलत नाही. माझाच आवाज होता खळीत, त्याला मुखवटा कशाला लागतोय?

आणि भिंगरी? ती कशाला थांबते! ती चाललीच. ताठ उभ्या शिपायांच्या मधून, एकाच्या बुटाला धरून वळली, पुढे गेली.

मला "ये" म्हणायचं होतं. "शाबास" म्हणायचं होतं. माझ्या पोरीची पावलं, सगळ्यांच्या देखत, आणि मला बोलता येईना. चाल म्हटलं तर सगळेच चालले असते. मी ओठ दातांत धरले आणि नुसती बघत राहिले.

दुभाषा तेवढा हलू शकत होता, बायकोने धुतलेल्या कपड्यात. तो फाटकाकडे सरकायला लागला. इस्त्रीवाली निखाऱ्यांची इस्त्री घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ. घाई काय आहे?" बसला बिचारा, आपल्याच चटईवर.

मुकादमीणबाई म्हणाल्या, "घामाने कॉलरी मऊ पडतील, तोवरच. चला." बायकांनी ताठ हातांतून बंदुका काढून घेतल्या, दोरीवरून सदरे काढावेत तशा, भराभर. कपड्यांच्या गाड्यात टोपली चढवली. भिंगरी टोपलीला धरून उभी होती, तिलाही चढवली. फाटकावरचे पहारेकरीही ताठच, त्यांच्यासमोरून गाडा काढला, मी काही न बोलता.

बंगल्यावरून गाडा गेला तेव्हा ओसरीवर बाईंची मुलगी उभी होती. तिने गाडा बघितला, बंदुका बघितल्या, आईकडे बघितलं. ओरडली असती तर संपलं होतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

नदी ओलांडल्यावर मी भिंगरीला म्हणाले, "शाबास गं माझी बाई." तोवर ती झोपली होती.

बुधवार

चुन्याच्या बंद भट्टीत राहतोय. सगळ्या पांढऱ्या झालोत. वन्संचा ताप उतरला. हात वर होत नाही आणि होणारही नाही असं वाटतं. मी जवळ बसून पेज भरवली.

"वन्सं, माझा अबोला नसता तर..."

"गप. तुझा अबोला नसता तर मला अजून माहीत नसतं की गोळी लागल्यावर मी रडते का नाही." मग म्हणाल्या, "रडते. कुणाला सांगू नकोस."

मी त्यांच्यावर किती काय काय लिहिलं होतं मागे. ते तसंच ठेवते. तुम्ही वाचून हसाल.

इस्त्रीवाली गावात जाऊन आली. परक्यांनी खळीवर बंदी घातली म्हणे. धुलाईघराला टाळं, हंडा फोडला. आता सगळी छावणी चुरगळलेल्या कपड्यांत फिरते. कप्तानाची कॉलर कुत्र्याच्या कानासारखी लोंबते आणि रस्त्यावर लोक तोंड फिरवून हसतात.

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे आता आपल्या हातात काही नाही."

शनिवार

त्यांनी दुसऱ्या वस्तीत पोरं तपासली. न चालणारीही नेली. आमच्यामुळे. शाळेच्या अंगणात ठेवलीयेत, फाटकाशी रडण्याचा आवाज येतो, इस्त्रीवाली सांगत होती.

वन्सं उठायला लागल्या. मुखवटा मागायला लागल्या. हात छातीपर्यंत येत नाही आणि निघाल्या!

मी म्हणाले, "बसा खाली."

"मग कोण जाणार?"

मी भिंगरीच्या वाडग्यावर कापडाचे थर चढवत होते. सकाळपासून तेच करत होते, आणि कुणासाठी करतेय ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

मुकादमीणबाई म्हणाल्या, "यात आता काही नाही हं. त्यांच्या अंगावर आपली खळ नाही. तू हात वर करशील आणि ते गोळी घालतील."

"त्यांना कुठे माहितीये यात काही नाही ते?" मी म्हणाले. "चुरगळलेले कपडे घालून फिरतायत ते कशाला? घाबरलेत म्हणून. घाबरलेलं माणूस मला लांबून ओळखता येतं, बाई. मी फाटकासमोर उभी राहीन. ते क्षणभर तरी बाह्यांकडे बघतील. तुमच्या हातात त्यांच्याच बंदुका आहेत. तेवढ्यात फाटक उघडा."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर नाही."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. "वहिनी, तुझे पाय लटपटतायत."

"लटपटू देत. मुखवटा तोंडाला असतो."

सोमवार

आज दुपारी जाणार. पोरांना अंगणात सोडतात त्या वेळेला. वही वन्संजवळ ठेवते. मुखवटा बसला नीट, कानामागे थोडा टोचतो. आत स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो, हे वन्संनी सांगितलं नव्हतं.

भीती गेली असं नाही. तुम्ही परत याल तेव्हा कुणी सांगेल तुझी बायको फार धीट होती, तर ऐकू नका. पण माझी पोर चालते. ती कुणाच्या अंगणात, कुणाच्या बटणाकडे चालणार हे ते ठरवणार नाहीत. दुसऱ्यांच्या पोरांचंही ठरवणार नाहीत.

मी निघणार हे भिंगरीला कळलंय. मघापासून भट्टीच्या दारापर्यंत चालत जाते आणि वळून माझ्याकडे बघते. पायाला चुना लागलाय, मागे पांढरी पावलं उमटतायत. आता उंबऱ्यावर पाय टाकला तिने.

मी तिला थांब म्हटलं नाही.